वेंगुर्ल्याची डच वखार

मंडळी, आपल्या नवापूरच्या तांदळाची कीर्ती एके काळी थेट इराणपर्यंत गेली होती, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या आपल्या देशात अनेकदा येऊन गेला. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता त्या वेळी नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा जात असे. त्या वाटेवर नवापूरला त्याने भात खाल्ला आणि तो खूष झाला. दाणा नेहमीच्या निम्म्याने बारीक, शिजला म्हणजे बर्फाहून पांढरा, आणि वास कस्तुरीचा! इराणात कुणाला नजराणा द्यायचा तर या तांदळाचे पोते न्यावे, असे त्याने लिहून ठेवले आहे.

हाच ताव्हेर्निये १६४८ सालच्या जानेवारीत सुरतेहून डच जहाजात बसला आणि कोकणात वेंगुर्ल्याला उतरला. तिथे डच लोकांची वखार होती. आज मला तुम्हांला सांगायची आहे ती याच घराची गोष्ट.

वखार म्हटली की आपल्याला लाकडाची वखार आठवते. पण त्या काळच्या परदेशी व्यापाऱ्यांची वखार म्हणजे घर, कोठार आणि कचेरी सगळे एकातच. खाली माल, वर माणसे, आणि कुठेतरी एका खोलीत सदैव लिहीत बसलेला कारकून. वेंगुर्ल्याची वखार जांभ्या दगडाची, दुमजली, भक्कम भिंतींची. १६३७ साली व्हान ट्विस्ट नावाचा डच वकील विजापूरला गेला, महंमद आदिलशहाच्या दरबाराकडून परवानगी मिळाली, आणि डचांचा वेंगुर्ल्यात जम बसला.

आता प्रश्न असा, की मोठमोठी बंदरे सोडून वेंगुर्लेच का? उत्तर नकाशात सापडते. गुरुजींनी मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवावे. वेंगुर्ल्याच्या खाली समुद्रमार्गे चाळीसएक किलोमीटरवर गोवा, आणि गोव्यात डचांचे हाडवैरी पोर्तुगीज. १६३६ पासून डचांनी एक शिरस्ताच पाडला. पावसाळा सरला की त्यांचे आरमार गोव्याच्या तोंडाशी नांगर टाकी आणि पुढचा पाऊस तोंडावर येईपर्यंत हलत नसे. पोर्तुगिजांची जहाजे आत कोंडली जात. पण महिनोन् महिने समुद्रात बसलेल्या खलाशांना खायला काय घालणार? तांदूळ, गोडे पाणी, सरपण हे सगळे पुरवायला जवळ एक घर हवे होते. शिवाय गोव्यातल्या बातम्या काढायलाही. ताव्हेर्नियेने तिथल्या वेलदोड्याची तारीफ केली आहे, व्यापारही थोडाबहुत चालेच. पण माझ्या मते ही वखार म्हणजे मुळात लढाईची शिधा-कोठी होती. कोकणातल्या शेतकऱ्याने पिकवलेल्या भातावर युरोपातल्या दोन राष्ट्रांचे वैर पोसले जात होते!

या घराचे मालक कोण? १६०२ साली स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी. तिच्या सूत्रधारांचे मोठे शहर आम्स्टरडॅम. योगायोग पहा, ज्या १६४८ साली ताव्हेर्निये वेंगुर्ल्याला उतरला, त्याच साली आम्स्टरडॅमच्या मुख्य चौकात, ज्याला ‘डाम’ म्हणतात तिथे, नगरगृहाचा पाया घातला गेला. जमीन दलदलीची, म्हणून खाली लाकडी खांब ठोकले. किती? १३,६५९! तिकडची पोरे हा आकडा कसा पाठ करतात ऐका: वर्षाचे दिवस ३६५, त्याच्या पुढे १ आणि मागे ९. झाला आकडा तयार. या घराच्या संगमरवरी फरशीवर पृथ्वीचे नकाशे कोरले आहेत. १८०८ साली त्याचा राजवाडा झाला आणि आजही ते त्या चौकात दिमाखात उभे आहे.

वेंगुर्ल्याच्या घराच्या नशिबी ते नव्हते. १६४४ मध्ये गोव्याच्या वेढ्याला विराम पडला, पुढे तो पुन्हा सुरू झाला, पण १६६३ साली डचांनी कोचीन घेतले आणि पोर्तुगिजांशी तह झाला. वखारीचे मूळ कामच संपले. तोवर शिवाजी महाराजांच्या फौजा या मुलखात उतरल्या होत्या. आदिलशाही, मराठे, मोगल, सावंत यांच्या ओढाताणीत गावाला लुटीची आणि जाळपोळीची झळ एकदा नव्हे, अनेकदा लागली. वखारीतला कारकून मात्र लिहीतच होता. त्याला काय, माल असो नसो, बातमी तर होती! १६७४ साली रायगडावर महाराजांना राज्याभिषेक झाला, त्याची बातमी याच वखारीच्या पत्रातून जावा बेटावरच्या बटाव्हियाला गेली. वखारप्रमुख होता अब्राहम ल फेबर. १६८३ मध्ये औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर पळून जाण्यासाठी वेंगुर्ल्याला जहाजावर चढला होता. कवी कलशाने समजूत घालून त्याला परत आणले. चार वर्षांनी तो इराणला गेलाच.

सतराव्या शतकाबरोबर डचांचा इथला काळही आटोपला. १८१२ साली सावंतवाडीकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे आले. वखार आज संरक्षित वास्तू म्हणून नोंदलेली आहे खरी, पण छप्पर गेलेले, भिंतींत झाडांची मुळे शिरलेली. जांभा पावसाला कितीही टिकला तरी डोक्यावर कौले नसली की आतला गिलावा आणि चुना हळूहळू वाहून जातो, हे आपल्याकडच्या कुठल्याही गवंड्याला विचारा.

त्या कारकुनांनी लिहिलेली पत्रे मात्र शाबूत आहेत. हॉलंडमधल्या हेग शहरी राष्ट्रीय दफ्तरखान्यात कंपनीचे कागद जपून ठेवले आहेत, आणि २००३ साली युनेस्कोने त्यांना जगाच्या स्मृतिठेव्यात जागा दिली. वेंगुर्ल्यात भात कुणाकडून घेतला, जहाज कधी आले, रायगडाकडून कोणती वार्ता कळली, हे शोधायचे तर आपल्या अभ्यासकाला आता जुनी डच लिपी शिकावी लागते.