गोदीतली आग

'बंब' हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला. न्हाणीघरातला तांब्याचा बंब पाणी तापवतो, रस्त्यावरचा तांबडा बंब त्याच पाण्याने आग विझवतो. एका नावाची दोन उलटी कामे! अग्निशमन सप्ताहात शाळेतली मुले घेऊन मी भायखळ्याच्या मुख्य ठाण्यात गेलो, तेव्हा त्यांना हीच गंमत सांगत होतो. पितळी तोट्या आणि उंच शिड्या पाहून मुले हरखली. पण स्मारकापाशी 66 हा आकडा ऐकून एका मुलीने विचारले, "गुरुजी, एकाच दिवशी एवढे कसे हो गेले?"

तो दिवस 14 एप्रिल 1944. 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज इंग्लंडातून कराचीमार्गे येऊन दोन दिवसांपूर्वीच व्हिक्टोरिया गोदीत लागले होते. पोटात सुमारे 1,400 टन दारूगोळा, सोन्याच्या विटा आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या. कापूस आणि दारू शेजारी शेजारी! आपली आजीसुद्धा फटाक्यांच्या पेटीत फुलवाती ठेवत नाही. युद्धाच्या घाईला एवढे शहाणपण उरले नव्हते.

दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी ओतले. पण दाबून बांधलेला कापूस आतल्या आत धुमसत राहतो. उलट पाणी चढले तसा पेटता कापूस तरंगत वरच्या दारूगोळ्याकडे सरकला. जहाज जागीच बुडवावे की बाहेर न्यावे, यावर अधिकाऱ्यांत खल चालला. सर्वांवर हुकूम चालेल असा एक माणूस तेथे नव्हता. या साऱ्या हकिगतीत मला तेच सर्वांत जास्त लागते. पाण्याचे नळ धरून उभे होते, त्यांचे काम मात्र ठरलेले होते. ते हलले नाहीत.

4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. धक्का थेट सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. पेटत्या कापसाचा पाऊस वस्तीवर पडला. नागरिक शेकड्यांनी मेले, आणि 66 बंबवाले. युद्धकाळ असल्याने वर्तमानपत्रांना कित्येक दिवस तोंड मिटून बसावे लागले.

गोदी पुन्हा चालू व्हायला सुमारे सात महिने लागले. सोन्याच्या विटा मात्र पुढे कित्येक वर्षे गाळ उपसताना सापडत राहिल्या.