नदीकाठची मोटर आणि मिस्ड कॉल

कृष्णाकाठच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शेतपंपाच्या स्टार्टरशेजारी आणखी एक लहान पेटी दिसू लागली. तिच्यात सिम कार्ड बसवलेले असे आणि तिला फोन लावला की मैल-दीड मैलावरची मोटर घरबसल्या सुरू होई. मोबाइल टेलिफोनच्या प्रसाराचे एक गमतीदार फळ म्हणून या पेटीकडे पाहण्याची पद्धत आहे. परंतु तिची घडण तपासली असता असे दिसते की तिच्यामागचे तंत्र बरेच जुने होते आणि ते शेतात रुजले ते प्रामुख्याने दोन कागदांमुळे, एक विजेचे वेळापत्रक आणि दुसरा टेलिफोनचे दरपत्रक.

या खोऱ्यात पाणी आणि रान यांच्यातील अंतर हा शेतीचा जुना प्रश्न आहे. विहिरीवरच्या मोटेला हे अंतर फारसे जाणवत नसे, कारण बैल, धाव, थारोळे आणि पाट हे सारे एकाच रानात असत आणि मोटकरी पाण्यापाशीच उभा असे. यंत्राने उपसा होऊ लागला तेव्हा हे चित्र पालटले. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि आज सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या या गावात नांगरांपाठोपाठ पंपही तयार होऊ लागले. पुढे पाटण तालुक्यात कोयनेवर धरण झाले आणि १९६२ पासून तेथील जलविद्युत निर्मिती सुरू झाली. ती वीज मुख्यतः मुंबई-पुण्याच्या उद्योगांना डोळ्यांसमोर ठेवून योजलेली असली, तरी १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या तारा हळूहळू कृष्णाकाठच्या शिवारांतही पोहोचल्या. उसाला बारमाही पाणी लागते, म्हणून शेतकऱ्यांनी एकेकट्याने, भावकीने किंवा सहकारी उपसा संस्था काढून नदीच्या डोहात पंप बसवले आणि चढावरच्या रानांपर्यंत लांबच लांब पाइपलाइन नेल्या. पाणी रानात आले खरे, पण ते चालू-बंद करण्याचा खटका नदीकाठीच राहिला.

वीज अखंड असती तर हे अंतर सोसवले असते. शेतपंपाची मोटर तीन फेजवर चालते, म्हणजे तिला तीन तारांतून एकापाठोपाठ एक लहरींनी येणारा पुरवठा लागतो. आणि मंडळाला, पुढे २००५ मध्ये त्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या महावितरणला, टंचाईच्या काळात हाच पुरवठा आवळणे सर्वांत सोपे होते. भारनियमनाच्या वर्षांत शेतीला दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी आळीपाळीने वीज देण्याची रीत रूढ झाली. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकऱ्याला अवेळी उठून, बॅटरी घेऊन, उसाच्या फडांमधल्या पायवाटेने नदीपर्यंत जावे लागे, तेथे लाईटची वाट पाहावी लागे आणि मध्येच ती गेली तर पुन्हा तेच करावे लागे. शिराळा, कऱ्हाड आणि पाटण या भागांत फडांत सापांबरोबर बिबट्याचीही भर पडली, तेव्हा ही फेरी केवळ त्रासाची राहिली नाही.

या अडचणीवर गावोगावच्या वायरमननी काढलेला पहिला तोडगा म्हणजे ऑटोस्विच. तिन्ही फेज आल्या की हे साधन आपोआप मोटर सुरू करते, आणि त्यामुळे मालक निर्धास्त झोपू शकतो. मात्र त्यात विवेक नसतो. विहिरीला पाणी नसले, पाइप फुटला असला किंवा रान आधीच भिजले असले तरी मोटर फिरतच राहते. शिवाय एका डीपीवरच्या, म्हणजे एका रोहित्रावरच्या, सगळ्या मोटरी लाईट येताच एकदम उठतात आणि सुरुवातीला नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढणाऱ्या या यंत्रांच्या भाराने रोहित्रच जळते. ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करत आले आहे. रोहित्र जळाले की आख्ख्या शिवाराचे पाणी अडते, त्यामुळे एकाच्या निवांत झोपेची किंमत शेजाऱ्यांनी मोजावी असा हा व्यवहार होता. फोनवर चालणाऱ्या पेटीचे खरे वेगळेपण येथे आहे. तिने खटका दूर नेला, पण मोटर केव्हा सुरू करायची हा निर्णय माणसाकडेच ठेवला.

त्या पेटीचे गाभ्याचे साधन रिले होय. बारीक तारेच्या वेटोळ्यातून थोडासा प्रवाह सोडला की त्याचे लोहचुंबक बनते, ते लोखंडाची एक पट्टी ओढते आणि त्या पट्टीवरचे संपर्कबिंदू दुसरे, मोठे मंडल जोडतात किंवा तोडतात. तारायंत्राच्या युगात जन्मलेल्या या साधनावर जुनी स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंजे उभी होती, तेव्हा रिलेचे आणि टेलिफोनचे नाते मोटरीशी जुळलेल्या नात्याहून पुष्कळ जुने आहे. पाच अश्वशक्तीची मोटर चालताना सुमारे सात अँपिअर प्रवाह घेते आणि उठताना त्याच्या पाच-सहा पट, त्यामुळे बोटाच्या पेराएवढ्या रिलेवर ती थेट चालवणे शक्य नसते. कारागिरांनी म्हणून स्टार्टरला हात न लावता त्याच्या बटणांची नक्कल केली. स्टार्टरमधले हिरवे बटण दाबले की आतली कॉइल तीनही फेजचे जाड संपर्क जोडून धरते आणि बटण सोडल्यावरही स्वतःला धरून ठेवते. लाल बटण त्या कॉइलचा प्रवाह तोडते. एका रिलेचे उघडे संपर्क हिरव्या बटणाला समांतर जोडायचे आणि दुसऱ्याचे मिटलेले संपर्क लाल बटणाच्या ओळीत घालायचे, एवढीच ती जोडणी. पहिला रिले क्षणभर मिटला की मोटर सुरू होते, दुसरा क्षणभर उघडला की बंद होते, आणि लाईट गेली तर कॉइल आपोआप सुटते.

फोनवरून रिलेला हुकूम पोहोचवण्याची युक्ती मोबाइलच्या आधीची आहे. अमेरिकेतील बेल कंपनीने १९६३ मध्ये बटणांचे टेलिफोन आणले, ज्यांत प्रत्येक अंक दाबल्यावर दोन ठरावीक स्वर एकत्र वाजतात. पाचचा अंक म्हणजे ७७० आणि १३३६ हर्ट्झ. ही जोडी ओळखून तिचे द्विमान अंकांत रूपांतर करणारी ८८७० क्रमांकाची चिप पुढे स्वस्तात मिळू लागली. तिच्यासोबत ३.५८ मेगाहर्ट्झचे स्फटिक लागे, आणि अमेरिकी पद्धतीच्या रंगीत दूरदर्शन संचांसाठी ते लाखोंनी बनत असल्याने तेही महाग नव्हते. चिप, अवस्था लक्षात ठेवणारे फ्लिपफ्लॉप मंडल, एक ट्रान्झिस्टर, रिले आणि रिले सुटताना उसळणारा दाब जिरवणारा डायोड एवढ्या सामानात दूरनियंत्रकाचा किट उभा राहत असे. हे सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळे. सांगलीचे वालचंद, कऱ्हाडचे शासकीय किंवा साखराळ्याचे राजारामबापू यांसारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या परिसरात असा किट अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला सोयीचा होता, कारण त्यात ध्वनी, अंकीय मंडले आणि वीज ही तिन्ही प्रकरणे एकत्र येत. शेतकऱ्याला मात्र त्याचा उपयोग नव्हता. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटच्या छोट्या एक्स्चेंजांनी गावात फोन आणला, पण नदीकाठच्या पंपघरात टेलिफोनची तार ओढणार कोण?

ती तार मोबाइलने अनावश्यक केली. परंतु मोबाइल आल्या आल्या हे घडले नाही, कारण सुरुवातीला आलेल्या कॉलचेही पैसे पडत. मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले आणि त्यानंतरच पंपघरात एक सिम कायमचे पडून ठेवणे परवडू लागले. सर्वांत साध्या रूपात एक जुना हँडसेट आपोआप कॉल उचलण्याच्या स्थितीत ठेवून त्याच्या हेडफोनच्या तारा ८८७० चिपला जोडलेल्या असत. त्यातही काटकसर शोधली गेली. कॉल उचलायचाच नाही, नुसत्या रिंगवर रिले हलवायचा, म्हणजे मिस्ड कॉलवर मोटर सुरू आणि खर्च शून्य. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या पंप-नियंत्रकाने ही कल्पना बाजारात नीट रुळवली आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत उदयोन्मुख बाजारपेठांच्या गटात पहिले पारितोषिक मिळवले. त्याच्या मागेपुढे अनेक छोट्या उत्पादकांच्या ‘मोबाइल स्टार्टर’ नावाच्या पेट्या तालुक्याच्या गावांत विकल्या जाऊ लागल्या.

या पेट्यांचा पहिला दोष असा की त्या हुकूम घेत, पण जाब देत नसत. मोटर खरोखर उठली की नाही हे कळायला नदीकाठच्या कोणाला तरी “जरा बघ, पाणी पडतंय का” असे विचारावे लागे, आणि मग फोनची सोय अर्धीच उरे. पुढच्या पेट्यांनी लाईट आहे का, तिन्ही फेज आहेत का, मोटर प्रवाह ओढते आहे का हे तपासून ध्वनिमुद्रित मराठीत सांगायला सुरुवात केली. प्रवाह नेहमीपेक्षा कमी भरला तर पंप कोरडा फिरतो आहे असे मानून मोटर बंद करण्याची सोयही आली. भलत्याच फोनने मोटर सुरू होऊ नये म्हणून ठरावीक क्रमांकांनाच दाद देण्याची व्यवस्था झाली. नदीच्या पुराला मात्र उपाय नव्हता. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत काठावरच्या मोटरी, स्टार्टर आणि या पेट्या जिथे वेळेत उचलल्या नाहीत तिथे पाण्याखाली गेल्या.

मिस्ड कॉलचे हे अर्थशास्त्र दरपत्रकानेच मोडले. २०१८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांनी नुसते येणारे कॉल चालू ठेवायलाही दरमहा किमान रिचार्ज लावला, आणि वर्षातले अनेक महिने पावसाळ्यामुळे निष्क्रिय राहणाऱ्या पेटीच्या सिमवरही खर्च सुरू झाला. त्याआधी २०१६ मध्ये आलेले जिओचे जाळे केवळ चौथ्या पिढीचे असल्याने टू-जीवर चालणाऱ्या जुन्या पेट्यांना ते सिम निरुपयोगी होते. दुसऱ्या बाजूने २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि तिचा २०२३ चा दुसरा टप्पा यांनी दिवसा वीज देण्याचे उद्दिष्ट ठेवले असून, जेथे ते प्रत्यक्षात उतरते तेथे रात्रीची फेरी टळते, आणि पेटीची गरज उरते ती केवळ नदी आणि रान यांच्यातील अंतरापुरती. नव्या पेट्या त्यामुळे फोर-जीच्या झाल्या आहेत आणि मिस्ड कॉलऐवजी स्मार्टफोनवरच्या अॅपने चालतात, तरी त्यांच्या आत हिरव्या आणि लाल बटणांची नक्कल करणारे रिले पूर्वीसारखेच जोडले जातात.