फावड्यातला निखारा

प्रतिबंध उपचाराहून बरा, हे औंस-पौंडाच्या मापात सांगणारी इंग्रजी म्हण आपण आरोग्याच्या खात्यात टाकून मोकळे होतो. बेंजामिन फ्रँकलिनने ती वापरली ती मात्र आगीच्या संदर्भात. फेब्रुवारी १७३५ मध्ये त्याने स्वतःच्याच ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये टोपणसहीने एक पत्र छापले. पेटते निखारे उघड्या फावड्यातून या खोलीतून त्या खोलीत, जिन्यावरून नेऊ नका. न्यायचेच तर झाकणाच्या भांड्यातून न्या. फटीत पडलेली ठिणगी मध्यरात्रीपर्यंत दिसतही नाही. धुराडे झाडल्यापासून १५ दिवसांत पेटले, तर दंड झाडणाऱ्याने भरावा.

पत्रलेखक स्वतःस हात अधू झालेला वृद्ध म्हणवतो. फ्रँकलिन तेव्हा २९ वर्षांचा होता! हा मुखवटा आम्हांस निव्वळ गंमत वाटत नाही. आग विझवायला जो धावू शकत नाही, त्याच्यापाशी सल्ल्याखेरीज देण्याजोगे काय उरते?

पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात त्याने सहकाऱ्यांसह युनियन फायर कंपनी उभारली. १७४४ च्या पुस्तिकेत वर्णिलेल्या त्याच्या लोखंडी शेगडीत मात्र धूर आधी खाली वळवावा लागे; ती नीट ओढ घेईना, आणि पुढे इतरांनी ती बदलली.