पाळी कोणाची?



प्रवरा कालव्यावर शेती करणाऱ्याला शेजपाळी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या पाण्यावर ज्यांची पिके उभी राहिली, त्यांना सात नंबरचा अर्ज, पाळीची यादी आणि पाटकऱ्याची हाक ही पाठच झाली. पाणी कमी असले की भांडणे होतात, नाही असे नाही. पण यादी असते, म्हणून माणूस चावडीत उभा राहून विचारू शकतो, "माझी पाळी का चुकली?" यादीच नसती तर विचारणार काय? मग ज्याची ओळख मोठी त्याचे रान भिजले असते.

आज जी गोष्ट सांगणार आहे तीही पाळीचीच आहे. फक्त ती पाण्याची नव्हे, कामाची. काम कमी पडले की ओझे वाहणाऱ्यांपैकी कोणी थांबायचे आणि कोणी रिकाम्या हाताने घरी जायचे, हे आजवर कसे ठरत आले, त्याची ही गोष्ट.

धक्का हा शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो. मुंबईला जहाज लागते तो धक्का, आणि नगरच्या किंवा श्रीरामपूरच्या स्टेशनात मालगाडी लागते तो मालधक्का. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली. मुंबईची प्रिन्सेस गोदी १८८० सालची, व्हिक्टोरिया १८८८ सालची आणि अलेक्झांड्रा १९१४ सालची. पारनेर, अकोले, संगमनेर या भागांतली कितीतरी माणसे पोटासाठी मुंबईला गेली. कोणी गिरणीत लागले, कोणी गोदीत, कोणी बाजारात डोक्यावर ओझे घेऊ लागले. बंदर असो वा मालधक्का, कामाचा स्वभाव एकच. गिरणीचा भोंगा रोज वाजतो. जहाज आणि वाघिणी रोज येत नाहीत. एके दिवशी शंभर माणसे अपुरी पडतात, तर दुसऱ्या दिवशी दहांनाही काम नसते.

मालकाला हे सोयीचेच होते. दारात नेहमी जास्त माणसे उभी असली म्हणजे हवी तेवढी उचलता येतात आणि बाकीच्यांचे काही देणे लागत नाही. ही निवड मुकादम करी. मुंबईच्या गोदीत त्याला टोळीवाला म्हणत. सकाळी दरवाज्याशी घोळका जमायचा आणि टोळीवाला बोट दाखवायचा, तू ये, तू ये. ज्याच्याकडे बोट वळले नाही त्याचा दिवस गेला. साहजिकच बोट वळावे म्हणून मजुरीतला वाटा द्यावा लागे, कर्ज त्याच्याचकडून काढावे लागे, नाही तर त्याच्या गावचे असावे लागे. वीस वर्षे खपलेला माणूस आणि काल आलेला पोरगा, दोघांचा हक्क सारखाच, म्हणजे काहीच नाही!

हे दुखणे आपल्यापुरते नव्हते. लंडनच्या गोदीत रोज सकाळी अशीच झुंबड उडे. तिथल्या कामगारांनी १८८९ साली मोठा संप केला तो तासाला सहा पेन्स मजुरीसाठी. आणि एकदा बोलावले तर निदान चार तासांचे काम द्या, अशीही त्यांची मागणी होती. आपल्याकडे शाही मजूर आयोगाने १९३१ सालच्या अहवालात सांगितले, की गोदीतल्या मजुरांची नोंदणी करा आणि काम नियमाने वाटा. सूचना चांगली होती, पण ती अमलात यायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. गोदी कामगारांच्या रोजगारनियमनाचा कायदा १९४८ साली झाला. मुंबईसाठी योजना आखली गेली १९५१ साली. ती चालवायला गोदी कामगार मंडळ नेमले गेले, आणि त्यावर सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी बसले.

मंडळाने काय केले? नोंदवही उघडली. काही कामगार मालकांकडे महिन्याच्या पगारावर राहिले आणि बाकीचे राखीव ताफ्यात आले. राखीव माणसाला टोळीवाल्याच्या मर्जीने नव्हे, तर पाळीने काम मिळू लागले. महिन्याकाठी ठराविक दिवसांच्या मजुरीची हमी आली. हजेरी लावूनही काम मिळाले नाही तर थोडा का होईना, भत्ता मिळू लागला. नोंदवहीत नाव चढले, एवढीच गोष्ट, पण कालचा मिंधा माणूस आज हक्काने विचारू लागला, "माझी पाळी का चुकली?"

आता एक नाजूक प्रश्न येतो. काम कमी पडले तर नियम कोणता लावायचा? एक नियम पाळीचा: आहे ते सगळ्यांनी वाटून घ्या. दुसरा ज्येष्ठतेचा: जो मागून आला त्याने आधी जावे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को बंदरात १९३४ सालच्या संपानंतर कामवाटपाचे केंद्र संघटना आणि मालक यांच्या संयुक्त देखरेखीखाली आले, आणि ज्याचे तास कमी भरले त्याला आधी पाठवायचे अशी रीत तिथे रुजली. हा झाला पाळीचा नियम. आपल्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दुरुस्ती झाली, तिने कपातीला दुसरा नियम लावला: शेवटी आला तो सामान्यतः पहिला जाईल, आणि याला अपवाद करायचा तर मालकाने कारणे लिहून ठेवावीत. हे तत्त्व २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही राहिले. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

दोन्ही नियमांत न्याय आहे. ज्याची पाठ वीस वर्षे ओझ्याखाली वाकली, त्याला पन्नाशीत दुसरे काम कोण देणार? म्हणून ज्येष्ठता हवी. पण रोजच्या टंचाईत भाकरी मोडून खावी, म्हणून पाळी हवी. मात्र १९५३ च्या दुरुस्तीतली एक ओळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. काम बंद ठेवलेल्या दिवसांची निम्म्या पगाराची भरपाई मिळे ती हजेरीपटावर नाव असलेल्या आणि वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला. बदली आणि नैमित्तिक मजूर त्यातून वगळले होते, आणि हंगामी कारखानेही. म्हणजे ज्याच्यावर बेकारी सगळ्यांत आधी कोसळते, तोच बाहेर!

मग आपल्या मालधक्क्यावरच्या हमालाचे काय? तो रेल्वेचा नोकर नव्हे, व्यापाऱ्याचाही नव्हे. आज एकाचे पोते, उद्या दुसऱ्याचे. अशा माणसाचा मालक कोण, इथेच कायदा अडत असे. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींची, तर पुण्यात बाबा आढाव यांनी हमालांची संघटना बांधली. या चळवळींतून १९६९ साली महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. त्याने गोदीचीच युक्ती उचलली. मालकांची नोंद, कामगारांची नोंद आणि मधे मंडळ. मजुरी मंडळात भरायची, तिच्यावर लेव्ही द्यायची आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार चालवायचा. रेल्वेच्या मालधक्क्यांवर काम करणारे, पण रेल्वेचे नोकर नसलेले मजूरही या कायद्याच्या परिशिष्टात आले. बारा धन्यांच्या हमालाला मंडळाच्या वहीत एक ठिकाण मिळाले.

पण मंडळी, वहीला पुठ्ठाही असतो. आवक घटली, दुष्काळ पडला, यंत्र आले, की जुनी टोळी नवे नाव घ्यायला नाखूष असते. तिचेही खोटे नाही. आठांची मजुरी बारांत वाटली तर कोणाचेच पोट भरत नाही. मग वहीबाहेर बदली माणूस उभा राहतो. ओझे तेच, पण निधी नाही, रजा नाही, ज्येष्ठता नाही. कालचा टोळीवाला गेला, आणि त्याच्या जागी कधी कधी आपलीच टोळी बोट दाखवू लागते. संघटनेची खरी परीक्षा इथे आहे, मालकाशी भांडताना नव्हे.

मुंबईच्या गोदीनेही हे पाहिले. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. पोत्यांच्या जागी पोलादी पेट्या आल्या आणि त्या उचलायला याऱ्या आल्या. नोंदवहीतली नावे वर्षानुवर्षे कमी होत गेली. ब्रिटनमध्येही १९४७ सालची गोदी कामगार योजना १९८९ सालीच मोडीत निघाली. वही माणसाला न्याय देते. माल आणून देत नाही. तरीही वही नसती तर यंत्र आले त्या दिवशी कोणाला थांबवायचे आणि कोणाला हाकलायचे, हे पुन्हा कुणाच्या तरी मर्जीवरच गेले असते.

शिक्षक बंधुभगिनींनो, बाजाराच्या दिवशी मुलांना घेऊन आपल्या बाजार समितीच्या आवारात जा. पोती मोजायला सांगा, हरकत नाही. पण हमालदादांना दोन प्रश्नही विचारू द्या. आज काम कोणाला, हे कोण ठरवतं? आणि ज्याला मिळालं नाही, त्याचं नाव कुठं लिहिलेलं असतं? उत्तरे ऐकली म्हणजे मुलांना या गोष्टीचा पुढचा भाग आपोआप कळेल.