लखनौचा हॅरी, ब्रिटनचा क्लिफ

१/ १९४८. लखनौत जन्मलेला सात वर्षांचा हॅरी वेब कुटुंबासह मुंबईहून ‘रांची’ आगबोटीने इंग्लंडला निघाला. हाच पुढे क्लिफ रिचर्ड या नावाने विख्यात झाला.

२/ १९५८च्या ‘मूव्ह इट’ने ब्रिटनला अस्सल स्वदेशी रॉक अँड रोल दिले.

३/ पुढच्याच वर्षी ‘लिव्हिंग डॉल’ची मूळची द्रुत चाल क्लिफ आणि साथीदारांनी संथ केली. बंडखोरीची धार बोथट झाली, पण थोरामोठ्यांची घरेही त्यांना खुली झाली.

४/ बीटल्सच्या लाटेत अनेक समकालीन मागे पडले. क्लिफ यांची गाणी मात्र विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकापासून सलग पाच दशके ब्रिटनमध्ये अव्वल क्रमांकावर पोहोचत राहिली.

५/ १९९५मध्ये ते ‘सर’ झाले. त्या दीर्घायुष्याचे मूळ १९५९च्या त्या संथ लयीत होते.