हाडगिळ्याची साक्ष

‘हरगिला’ हे असमिया नाव मराठी माणसाला सहज कळावं: हाडं गिळणारा. एकोणिसाव्या शतकात हे थोराड करकोचे कलकत्त्याच्या गच्च्यांवर बसत आणि शहराची घाण खात. तिथल्या महापालिकेनं त्यांना आपल्या बोधचिन्हातही घेतलं होतं. विसाव्या शतकात ते त्या शहरातून नाहीसे झाले.

गुवाहाटीत मात्र उरले. तिथलं दीपोर बील, म्हणजे ब्रह्मपुत्रेच्या जुन्या पात्रातलं तळं, २००२ मध्ये रामसर यादीत गेलं. पुढच्या काही वर्षांतच शेजारच्या बोरागावात शहराचा कचरा पडू लागला. ढीग पसरला आणि त्यावर शेकडो हरगिले दिसू लागले.

मग पक्ष्यांचं भलंच झालं की! असं म्हणणारे भेटतात. मला ही गणतीच चुकीच्या जागी केलेली वाटते. ढिगावर मिळतं टाकाऊ मांस, आणि त्याबरोबर प्लास्टिक. घरटं असतं गावातल्या उंच कदंबावर. पिलांना मासे हवेत, आणि पावसात ढिगाचं काळं पाणी उतरतं ते माशांच्याच बिलात. म्हणून कचराभूमी वाढवायची म्हटली, तर मी आधी घरट्यांची झाडं मोजीन, मग मासे. ढिगावरचे पक्षी सगळ्यांत शेवटी.

२०२१ मध्ये कचरा बोरागावातून बेलरतलला हलवला. तेही बिलाच्या शेजारातच.