दाखल्याविना पाऊल

महाराष्ट्रातील मुसलमानांचा इतिहास सांगू लागलो की आम्ही बहमनींपासून सुरुवात करतो. निजामशाही, आदिलशाही, विजापूरचा गोलघुमट, मलिक अंबरची नहर, सूफींचे दर्गे असे सगळे त्यात असते. छप्परबंद मात्र नसतात.

छप्परबंद हे मुसलमान. छपरे शाकारणे हा त्यांचा मूळ धंदा. मोगल फौजांच्या छावण्यांबरोबर ते दख्खनेत आले, असे सांगितले जाते. फौजा गेल्या, धंदाही गेला. पुढे इंग्रज पोलिसांच्या दप्तरी त्यांची एकच ओळख उरली : फकिराच्या वेषात गावोगाव फिरून खोटी नाणी चालवणारे लोक. काहींनी खोटी नाणी पाडली असतीलही. त्यांना पकडून शिक्षा करायला साधा फौजदारी कायदा पुरेसा होता. पण इंग्रज सरकारने सगळी जमातच गुन्हेगार ठरवली. पाळण्यातले मूलही त्यात आले.

हे ज्या कायद्याने झाले तो गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ मध्ये तो सुधारून मुंबई, मद्राससह साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करण्याची सोय झाली आणि १९२४ मध्ये त्याला नव्याने एकत्रित रूप देण्यात आले. सरकारने एखाद्या जमातीला गुन्हेगार म्हणून जाहीर केले की त्या निर्णयाविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नसे. मग नोंदवही तयार होई, बोटांचे ठसे घेतले जात, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. गाव किंवा ठरवून दिलेली हद्द सोडायची तर दाखला हवा. दाखल्याविना हद्दीबाहेर सापडलेल्या माणसाला वॉरंटशिवाय पकडता येई. त्याने काय चोरले, हा प्रश्नच नव्हता. बाहेर सापडणे हाच गुन्हा.

चालणाऱ्या माणसाची सरकारला एवढी भीती का वाटावी? जमीनमहसुलावर उभ्या राहिलेल्या राज्याला माणूस एका जागी, सातबाऱ्याला खिळलेला हवा होता. बैलांच्या तांड्यांवर मीठ-धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा व्यापार रेल्वेने आणि सरकारी मीठधोरणाने मोडला. जंगल कायद्यांनी पारध्यांची शिकार अडवली. आधी पोटाचे साधन काढून घेतले आणि मग पोटासाठी भटकणाऱ्याला संशयित ठरवले. पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट, बेरड यांच्याबरोबर छप्परबंदही याच नोंदवहीत आले. नोंदवहीने धर्म पाहिला नाही.

पुढची पायरी सेटलमेंटची. विजापूर, सोलापूर, हुबळी, बारामती येथे तारेच्या कुंपणाआड वस्त्या उभ्या राहिल्या. सुधारणेचे नाव होते. शाळा होत्या, कामही दिले जाई. पण सोलापुरात ते काम कापडगिरण्यांचे होते आणि कामाला नकार देऊन निघून जाण्याची मुभा नव्हती. गिरणीमालकाला याहून सोयीचा मजूर कुठला मिळणार? सोलापुरात आजही त्या भागाला लोक ‘सेटलमेंट’च म्हणतात.

देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा देशभर रद्द झाला. या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. संशय मात्र विमुक्त झाला नाही. मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्तांकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहण्याची रीत इतकी टिकली की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावर बोट ठेवावे लागले.

आमच्या समाजाने काय केले, हेही विचारायला हवे. इस्लाममध्ये जातपात नाही, असे आम्ही व्यासपीठावरून मोठ्या अभिमानाने सांगतो. मशिदीत एका सफेत उभे राहतोही. पण सोयरीक जुळवताना ‘ते कोण?’ हा प्रश्न आम्ही विचारतोच. इंग्रजाने मारलेला शिक्का आम्ही पुसला नाही. उलट तो शिक्का पाहूनच दूर सरकलो. म्हणून आमच्या इतिहासात सुलतान आले आणि हजेरी देणारे राहून गेले.

महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज छप्परबंदांची नोंद मुस्लिमांसह आहे. पण सवलत घ्यायची तर जातीचा दाखला हवा आणि त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा हवा. ज्यांना आज्या-पणज्यापासून कुठे टिकूच दिले नाही, टिकवले तेही कुंपणात, त्यांच्या नातवाने आता कागद शोधायचा. तेव्हा दाखल्याविना गावाबाहेर पडता येत नव्हते. आज दाखल्याविना कॉलेजातल्या राखीव जागेपर्यंत पोहोचता येत नाही.

अशा घरांतली म्हातारी माणसे अजून आहेत तोवर त्यांच्याकडे जाऊन बसले पाहिजे, त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या पाहिजेत. सरकारी दप्तरात त्यांच्याविषयी पोलिसांनी लिहिलेले पुष्कळ आहे. त्यांनी स्वतः सांगितलेले फार थोडे. ती उणीव भरून काढणे हे आमचे काम आहे.